खापरखेड्याचे रंगीत ड्राफ्ट

कॉम्प्युटरवाल्या माणसाला आयुष्यभर दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, "स्लो काहून झाला?" दुसरा, "तुम्ही काल याच्यात काही केलं होतं काय?" नागपूरच्या एका खासगी कंपनीत मी हे दोन प्रश्न अठ्ठावीस वर्षं ऐकले आणि दोन्हींना एकच उत्तर दिलं, "बंद करून पुन्हा चालू करा." बहुतेक वेळा तेवढ्यानं भागायचं. ज्या वेळी भागायचं नाही त्या वेळेसाठी कंपनी मला पगार द्यायची.

आता रिटायर होऊन मनीषनगरला घरी बसलो आहे. बसलो म्हणजे काय, बिल्डिंगमधल्या कोणाचाही प्रिंटर रुसला की आमची बेल वाजते आणि मी चपला घालतो. मध्यंतरी संपादकांचा फोन आला, "वसंतभाऊ, दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमतीजमती लिहा." मी म्हटलं, एक गोष्ट आहे, पण ती सांगताना सगळे हसतात आणि मला हसू येत नाही. ते म्हणाले, "चालते."

आमची कंपनी कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांना लागणारे रोलर बनवायची आणि मोठाले गिअरबॉक्स दुरुस्त करायची. हेड ऑफिस शहरात, वर्कशॉप खापरखेड्याच्या रस्त्याला, कोळशाच्या वीज केंद्राजवळ. वर्कशॉपमधला कीबोर्ड उलटा करून आपटला की चमचाभर राख पडायची. हेड ऑफिसमधला आपटला की चिवडा पडायचा. दोन्हीकडचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी एकटा. सर्व्हरच्या खोलीला एसी मंजूर झाला नाही तेव्हा मी खिडकीत कूलर बसवून घेतला. कॉम्प्युटर आणि पाणी एका खोलीत ठेवू नये असं पहिल्याच धड्यात शिकवतात, पण तो धडा लिहिणाऱ्यानं नागपूरचा मे महिना पाहिलेला नसणार. मेमध्ये अर्धं ऑफिस काही ना काही बिघाड घेऊन माझ्या खोलीत येऊन बसायचं.

आणि गिऱ्हाईकं तरी काय एकेक! अकाउंट्समधले एक गृहस्थ मेल पाठवला की लगेच फोन करून "मेल पाठवला आहे" असं सांगत, आणि फोन ठेवला की "फोन केला होता" हे सांगायला स्वतः जिना उतरून येत. परचेसच्या एका बाई मेल वाचून झाला की तो पुन्हा 'न वाचलेला' करून ठेवत, कारण वाचलेला मेल काळा ठसठशीत दिसत नाही आणि त्यांना तो 'बिमार' वाटे. त्यांच्याकडे हजारो मेल असे तंदुरुस्त पडलेले होते.

सगळ्यांच्या वर मोठे साहेब. म्हणजे कंपनीचे मालक. त्यांचा नियम असा की कंपनीतून जो मेल जाईल त्याची एक प्रत त्यांना गेलीच पाहिजे. मग तो मेल गिऱ्हाईकाला असो की एका टेबलावरून शेजारच्या टेबलाला. आणि साहेब प्रत्येकाला उत्तर द्यायचे, सगळं इंग्रजी मोठ्या अक्षरांत. ती अक्षरं म्हणजे कागदावरची बोंब. "वर्कशॉपमधलं पिण्याचं पाणी संपलं आहे" एवढा मेल टाकला की उलट यायचं, "पाणी संपलं कसं? कोण प्यायलं? लेखी खुलासा द्या." मोठे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना फक्त सगळं कळायला हवं असायचं, आणि कळलं की राहवत नसे.

तर अशा कंपनीत एके दिवशी मेलचा प्रोग्राम बदलायची वेळ आली.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. मेल येतो तो सर्व्हरवर. प्रोग्राम म्हणजे फक्त कपाट. आलेली पत्रं एका खणात, पाठवलेली दुसऱ्या खणात, कचरा तिसऱ्या खणात. लिहून ठेवली पण पाठवली नाहीत अशी पत्रं ज्या खणात राहतात त्याला ड्राफ्ट म्हणतात. आमचं कपाट चौदा वर्षं जुनं होतं आणि ते बनवणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं की आता आम्ही याची देखभाल करणार नाही. म्हणजे उद्या कोणी त्यातून विषाणू सोडला तर बोंबलत बसा.

साहेबांनी कमिटी नेमली. आठ माणसं, चार बैठका आणि प्रत्येक बैठकीला समोसे. तीन प्रोग्राम निवडीला होते. एक महागडा, एक फुकटचा आणि एक हलका. महागड्यात सगळं होतं, कॅलेंडर, रंग, चित्रं, वाढदिवसाला फुगे. फुकटचा बरा होता, पण साहेबांचा फुकटच्या वस्तूवर विश्वास नव्हता. हलका मला आवडला होता. हलक्यात फक्त मजकूर. ना रंग, ना अक्षरांचे नखरे, ना हलणारी फुलं. जुन्या मशीनवर पळणार, विषाणूला लपायला जागा नाही, आणि वर्कशॉपमधल्या राखेनं अर्धमेल्या झालेल्या कॉम्प्युटरांनाही झेपणार.

मी तिसऱ्या बैठकीत भाषण ठोकलं. "मेल म्हणजे मजकूर. बाकी सगळा नटवेपणा आहे. आपल्याला काम करायचं आहे की रांगोळ्या काढायच्या आहेत?" साहेब खूश. अकाउंट्सवाल्यांनी फक्त एवढंच विचारलं की मेल पोचल्याचा फोन करता येईल ना. मी म्हटलं, अवश्य करा.

निवड करण्याआधी कोण मेल कशासाठी वापरतं ते पाहायचं असतं. मीही पाहिलं. कसं, तर कूलरसमोर बसून, प्रत्येक विभागानं महिन्याभरात किती मेल पाठवले ते मोजून. खापरखेड्याच्या वर्कशॉपला एकच खातं होतं, चार कॉम्प्युटरवर उघडं, एकच पासवर्ड सगळ्यांना पाठ. त्यांनी पाठवले होते अकरा मेल. त्यातले नऊ मला, प्रिंटरबद्दल. मी कागदावर लिहिलं, 'वर्कशॉप: वापर नगण्य'. तिकडे जाऊन कोणाला काही विचारलं नाही. उन्हात पंचवीस-तीस किलोमीटर कोण जाईल, आणि विचारायचं तरी काय?

एका रविवारी मी एकट्यानं सगळा मेल जुन्या कपाटातून नव्यात हलवला. हलवताना प्रोग्राम विचारतो, 'फक्त मजकूर ठेवायचा का?' मी टिचकी मारून हो म्हटलं. साठवण एकदम एक तृतीयांशावर आली. सोमवारी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सगळं आलं?" मी म्हटलं, "शंभर टक्के, साहेब. एक अक्षर इकडचं तिकडे नाही." लगेच टाळ्या, शाल, नारळ. शाल मी घडी करून खुर्चीच्या पाठीला टाकली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

त्याच दुपारी खापरखेड्याहून फोन आला. संगीताताई, वर्कशॉपच्या स्टोअरकीपर. बोल्ट, बेअरिंग, हातमोजे सगळं त्यांच्या ताब्यात, आणि वर्कशॉपही अर्धंअधिक त्यांच्याच ताब्यात.

"वसंतभाऊ, आमचे रंग कुठं गेले?"

"कसले रंग?"

"अक्षराचे. सारं काळंच दिसून राहिलं."

"ताई, रंग कशाला पाहिजेत? होळी आहे काय?"

मग त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी ही गोष्ट संध्याकाळी कँटीनमध्ये सांगून चार माणसं हसवली.

त्या आठवड्याच्या शनिवारी वर्कशॉपमधली मोठी क्रेन घसरली. छताखालून चालणारी, दहा टन उचलणारी क्रेन. गिऱ्हाईकाचा दुरुस्त केलेला गिअरबॉक्स गाडीवर चढवत असताना ब्रेक धरला नाही आणि माल सरळ खाली. लोक बाजूला पळाले म्हणून कोणाला खरचटलंही नाही. पण गिअरबॉक्सचा चुरा झाला आणि साहेबांची मोठी अक्षरं सुरू झाली.

क्रेनच्या देखभालीचा शिफ्ट इनचार्ज होता राजू मेश्राम. चाळिशीचा, बारीक अंगाचा, फार न बोलणारा. कोराडीला राहायचा, सायकलनं यायचा. त्याला सोमवारीच निलंबित केलं. आरोप एकच, ब्रेक खराब आहे हे त्यानं कळवलं नाही. आठ दिवसांनी चौकशी, आणि आरोप सिद्ध झाला की नोकरी तर जाणारच, वर कागदावर 'निष्काळजीपणा' असं लिहून मिळणार. तसा कागद हातात असलेल्या माणसाला या पट्ट्यात कोणी क्रेनजवळ उभं करत नाही.

मंगळवारी सकाळी संगीताताई बसनं हेड ऑफिसला आल्या आणि थेट माझ्या खोलीत. दार लावून घेतलं, कूलरसमोर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आता सांगावंच लागते."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी कपाळावर हात मारला. वर्कशॉपचे लोक मेल पाठवतच नव्हते. पाठवला की प्रत साहेबांना जाणार आणि खुलासे मागितले जाणार. म्हणून चार वर्षांपासून त्यांनी युक्ती काढली होती. मेल लिहायचा, पाठवायचा नाही, ड्राफ्टमध्ये ठेवायचा. खातं एकच असल्यामुळं तो ड्राफ्ट चारही कॉम्प्युटरवर दिसायचा. दुसरा माणूस उघडायचा, खाली उत्तर लिहायचा, पुन्हा ठेवून द्यायचा. अख्खं वर्कशॉप न पाठवलेल्या मेलवर चालत होतं आणि मी कागदावर लिहिलं होतं, वापर नगण्य!

"पण कोणी लिहिलं ते कसं कळायचं?"

"रंगावरून. नाव नाही टाकाचं. नाव टाकलं अन् उद्या मोठ्या साहेबानं पाहिलं तं? म्हणून मी सर्‍यायले रंग वाटून देल्ले होते. माझा गुलाबी. राजूचा निळा. नवीन माणूस आला की पहिले हातमोजे द्याचे अन् मंग रंग."

मला हसू आलं. त्यांनी माझ्याच कॉम्प्युटरवर वर्कशॉपचं खातं उघडायला लावलं. शेकडो ड्राफ्ट, सगळे काळे. 'बारीक नट संपले आहे.' 'संपले नाही, तुझ्या खिशात आहे.' 'डब्यातली भाजी कोणी खाल्ली सांगा.' 'मी नाही.' 'मी पण नाही.' कोण विचारतंय, कोण नाही म्हणतंय, काही पत्ता नाही. शेवटी त्यांनी क्रेनचा ड्राफ्ट दाखवला.

'क्रेनचा ब्रेक घसरून राहिला. दुरुस्त होईपर्यंत कोणी वापरू नका. माणूस बोलवा.'

त्याच्या खाली दुसऱ्या कोणीतरी लिहिलं होतं, 'आठ दिवस काढा. हा माल गेला की पाहू.'

"वरचं राजूचं," ताई म्हणाल्या. "निळं होतं. खालचं हिरवं."

"हिरवा कोण?"

"बारापात्रे साहेब."

बारापात्रे साहेब वर्कशॉपचे मॅनेजर. राजूवरचा आरोप त्यांच्याच सहीनं आला होता. तेही मोठ्या साहेबांना इतरांइतकेच घाबरायचे आणि तेही ड्राफ्टमध्येच लिहायचे. आता त्यांचं म्हणणं असं की हे राजूनं अपघातानंतर स्वतःच लिहून ठेवलं, वरचंही आणि खालचंही. तारीख पाहावी तर ती अपघातानंतरची. कारण अपघात झाल्यावर राजूनं घाबरून तो ड्राफ्ट उघडून पाहिला आणि बंद करताना सवयीनं 'सेव्ह' दाबलं. काळी अक्षरं, एकच खातं, चुकीची तारीख. कोणाचंही असू शकत होतं.

"जुनं कुठं असन ना तुमच्यापाशी? रंगाचं?" ताईंनी विचारलं.

इथं मला थांबावं लागतं. कारण जुनं होतं. मेल हलवण्याआधी त्याची नक्कल काढून ठेवणं हे आमच्या कामाचं पहिलं पथ्य आहे आणि एवढं तरी मी पाळलं होतं. नक्कल एका डिस्कवर होती, त्यावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती. ती काढायची म्हणजे सगळ्यांना दाखवायचं की रंग होते, आणि ते मी घालवले. शंभर टक्के, एक अक्षर इकडचं तिकडे नाही, म्हणून छाती फुगवून शाल घेतली होती. ती शाल त्या क्षणी माझ्या पाठीला टोचत होती.

"नाही ताई," मी म्हटलं. "जुनं गेलं."

ताई उठल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "मंग राजूचं काही खरं नाही."

मी स्वतःला समजावलं. ड्राफ्टची भानगड साहेबांना कळली तर राजू एकटाच काय, सगळं वर्कशॉप जाईल. मी गप्प बसतो ते सगळ्यांच्या भल्यासाठी. असली समजूत घालायला मी मोठा हुशार आहे. गुरुवारी बारापात्रे साहेबांचा फोन आला. "वसंत, तो जुना मेल परत काढता येतो का रे?" मी म्हटलं, "नाही साहेब." ते फक्त "बरं" म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला असं मी तेव्हा धरून चाललो. खरंच तसं होतं का, हे मला आजही सांगता यायचं नाही.

शनिवारी वर्कशॉपचा प्रिंटर बंद पडला म्हणून मला जावंच लागलं. निलंबित माणसाला रोज गेटवर सही करावी लागते. राजू सही करून समोरच्या टपरीवर बसला होता. मला पाहून उठला.

"वसंतभाऊ, चहा घ्या."

मी म्हटलं, घाई आहे. तरी त्यानं ग्लास हातात दिलाच. बोलायला काही नव्हतं म्हणून मी म्हटलं, "होईल रे काहीतरी."

"नोकरीचं जाऊ द्या," तो म्हणाला. "वीस वर्षं क्रेन पाहिली मी. आता लोक म्हणतीन, यानं ब्रेक पाहिलाच नाही. मले एवढंच वाटते, का मी सांगतलं होतं हे कोणाले तं माहीत असावं."

मला माहीत होतं. मी चहा संपवला आणि प्रिंटर दुरुस्त करायला आत गेलो. त्या दिवशी मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या या अंकात छापता यायच्या नाहीत. आणि तरीही डिस्क हेड ऑफिसमध्ये होती तिथंच राहू दिली.

चौकशी मंगळवारी, हेड ऑफिसच्या मीटिंगच्या खोलीत. टेबलाच्या डोक्याशी मोठे साहेब, बाजूला बारापात्रे साहेब, समोर राजू इस्त्रीचा शर्ट घालून. साक्षीला संगीताताई. आणि कॉम्प्युटरचं काही लागलं तर म्हणून कोपऱ्यात मी. साहेबांनी छापलेला ड्राफ्ट टेबलावर ठेवला.

"हे कोणी लिहिलं?"

"वरचं मी लिहिलं, साहेब," राजू म्हणाला.

"आणि खालचं?"

राजूनं बारापात्रे साहेबांकडे पाहिलं नाही. "खालचं माझं नाही."

"मग कोणाचं? आणि मेल लिहिला तर पाठवला का नाही?"

आता ताई काही बोलतील, सगळं वर्कशॉप बाहेर काढतील असं मला वाटलं. पण राजूनंच हात वर करून त्यांना थांबवलं. "साहेब, बाकीच्यायले मधात नका आणू. सही कुठं कराची सांगा. फक्त कागदावर एवढं लिहा, का वरचं निळं होतं."

"निळं? हे काळं आहे," साहेब म्हणाले.

"आता काळं आहे. लिहिलं तेव्हा निळं होतं."

साहेबांना काही समजलं नाही. त्यांनी पेन उचललं आणि कागद राजूपुढं सरकवला. माझ्या आयुष्यात मी खूप वेळा बोलायच्या जागी गप्प बसलो आहे. त्या दिवशी कसा कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "निघतो."

"काय निघतो?"

"जुना मेल, साहेब. रंगासकट निघतो."

"मग इतके दिवस झोपला होतास काय?"

मी खोलीत जाऊन डिस्क आणि एक जुना लॅपटॉप घेऊन आलो आणि तो प्रोजेक्टरला जोडला. त्या लॅपटॉपमध्ये जुना प्रोग्राम अजून होता. आता लॅपटॉपला वाटलं, आपण कधी नव्हे ते महत्त्वाचे झालो. बटण दाबलं तर गरगर फिरणारं चक्र. मग काळा पडदा. मग पुन्हा चक्र. माझा घाम टपटप गळतोय आणि मोठे साहेब आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाले, "बंद करून चालू कर."

शेवटी एकदाचा प्रोग्राम उघडला आणि भिंतीवर चार वर्षं उजेडात आली. जांभळं, केशरी, निळं, गुलाबी, गेरूसारखं तपकिरी. नेमका पहिलाच ड्राफ्ट उघडला तो गुलाबी होता. 'मोठे साहेब येऊन राहिले. सगळ्यांनी काम करताना दिसा.' खाली केशरी, 'मी दिसून राहिलो.' त्याखाली जांभळा, 'मी पण.' संगीताताईंनी डोळे मिटून घेतले. मी घाईघाईनं पुढचा उघडला, तो पाण्याचा होता, त्याच्याविषयी मी काही सांगत नाही. मग क्रेनचा. शुक्रवारची तारीख, मी मेल हलवला त्याच्या दोन दिवस आधीची, म्हणजे अपघाताच्या आठ दिवस आधीची.

वर निळं. खाली हिरवं.

साहेबांनी दोनदा वाचलं. "हिरवा कोण?"

राजू टेबलाकडे पाहत होता, ताई राजूकडे. मला नाव माहीत होतं आणि या वेळीही माझी जीभ उचलेना.

"मी," बारापात्रे साहेब म्हणाले.

एवढंच. सबब नाही, काही नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तसेच बसून राहिले. मी त्या माणसाला आठ दिवस मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. त्यानं निदान रंग समोर आल्यावर पहिल्याच विचारण्याला खरं सांगितलं.

मोठ्या साहेबांनी मला ड्राफ्ट एकेक करून पुढं सरकवायला लावले. मग त्यांनी ताईंना विचारलं, "आणि माझा रंग कोणता?"

"तुमाले रंग नाही, साहेब," ताई म्हणाल्या. "तुमच्यापासून लपवासाठीच तं होतं सारं."

मला वाटलं आता छत कोसळतं. पण साहेबांनी राजूपुढचा कागद ओढून घेतला, फाडला आणि म्हणाले, "उद्या सकाळच्या शिफ्टला ये." पुढं महिनाभर त्यांनी मोठ्या अक्षरांत एकही मेल लिहिला नाही. मग सवय परत आली, पण प्रत पाठवण्याचा नियम मात्र त्यांनी काढला तो काढलाच.

बारापात्रे साहेबांनी सहा महिन्यांत स्वतःहून नोकरी सोडली. मला मेमो मिळाला, 'मेल पूर्ण आल्याचे चुकीचे सांगितले', आणि तो मी फाइलमध्ये नीट लावून ठेवला. हलका प्रोग्राम काढून टाकावा लागला. या वेळी मी निवड करायला दोन दिवस खापरखेड्याला जाऊन बसलो, प्रत्येकाच्या शेजारी स्टूल टाकून. सगळ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, याच्यात रंग आहेत का. महागडा घेतला. फुगेही आले त्याच्याबरोबर, काय करणार. आता रंगांची गरज नव्हती, लोक नावानं आणि पाठवून मेल लिहू लागले होते. तरी निळा राजूचाच आणि गुलाबी ताईंचाच राहिला, दुसऱ्या कोणी घेतला तर भांडण व्हायचं.

राजू कामावर आल्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी मुद्दाम वर्कशॉपला गेलो. प्रिंटर वगैरे काही नव्हतं. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. तो क्रेनखाली उभा राहून नवीन ब्रेक तपासत होता. हात पुसत आला, टपरीवर नेलं, पोहे मागवले, वर तर्री जास्त टाकायला सांगितली. मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात त्यानंच विचारलं.

"वसंतभाऊ, राग नका मानू. एक विचारू? आठ दिवस काहून लागले?"

त्याच्या विचारण्यात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"डिस्क सापडत नव्हती रे," मी म्हणालो. "सगळं घर पालथं घातलं."

"बापा," तो म्हणाला. "माह्यासाठी तुमाले किती शोधा लागलं." आणि त्यानं स्वतःच्या प्लेटमधला लिंबू माझ्या प्लेटमध्ये ठेवला.

राजू, डिस्क माझ्या टेबलाच्या वरच्या खणात होती. पहिल्या दिवसापासून. मी त्याच टेबलावर रोज डबा ठेवून जेवत होतो. तू दिवाळी अंक विकत घेतोस, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतोस, हे मला माहीत आहे. म्हणून इथं लिहिलं.